लिफ्टवाल्याचा नवा शर्ट

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा तो खड्ड्यात होता आणि ती रडकुंडीला आली होती.

लिफ्ट दुरुस्तीला काढली होती. बंद दारासमोर पाच वर्षांची चिमी जमिनीवर लोळण घेऊन किंचाळत होती, आणि तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "सॉरी हं… सॉरी" म्हणत होती. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांपुढे हसून आधीच तिचे गाल दुखत होते. त्यात उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना तोटा नव्हता. "दोन धपाटे घाला, सुतासारखी सरळ येईल," एक आजोबा सांगून गेले.

तेवढ्यात लिफ्टच्या खड्ड्यातून निळ्या कपड्यांतला, ग्रीसनं माखलेला माणूस वर आला.

"माझ्यामुळे रडतेय का?"

"नाही हो. सहाव्या मजल्याचं बटण रोज तिलाच दाबायचं असतं. ती स्वमग्न आहे… ऑटिझम. ठरलेलं चुकलं की तिला काही सुचतच नाही. सॉरी, तुमचं काम—"

"मग दाबू दे की! दिवा लागेल, लिफ्ट हलणार नाही. विचारू तिला?"

"विचारा. पण तिच्याकडे बघू नका. बटणाकडे बघून बोला. आणि हळू."

त्यानं लिफ्टचं दार उघडून धरलं, आतल्या बटणाकडे तोंड केलं आणि अदबीनं विचारलं, "बाईसाहेब, सहावा मजला?"

किंचाळणं हळूहळू विरलं. चिमी उठली, तिनं बटण दाबलं. दिवा लागला. तो बराच वेळ बघून झाल्यावर ती मुकाट जिना चढू लागली. आईचा जीव भांड्यात पडला. आभार मानायला वळते तर हा अजून बटणाशीच बोलत होता.

"आता आईकडे बघितलं तर चालेल का?"

त्यानंतर त्या लिफ्टला वरचेवर काहीबाही होऊ लागलं. आज दार कुरकुरतंय, उद्या पंखा घरघरतोय… सोसायटीचे सेक्रेटरी चक्रावले. चिमी मात्र निळे कपडे दिसले की त्याच्या शेजारी जाऊन उभी राहायची, न बोलता. आणि लिफ्ट ठणठणीत चालली की आई हिरमुसायची. कुणाच्या नाकावर चष्मा नीट बसवताना तिला भलतेच डोळे आठवायचे. चिमीचा बाबा "मला हे झेपत नाही" म्हणून निघून गेला, तेव्हापासून तिनं कुणाला घरी बोलावलं नव्हतं. आता मात्र तिला फार वाटे, यानं यावं. बसावं. आणि उठूच नये.

"रविवारी चहाला या," एकदा ती धीर करून म्हणाली. "लिफ्ट बिघडली नसली तरी."

रविवारी तो आला तो गुळगुळीत दाढी करून, कडक इस्त्रीचा पिवळा शर्ट घालून, अत्तराचा घमघमाट पसरवत. आपल्यासाठी कुणी एवढं नटलंय हे पाहून ती मोहरली… आणि चिमी किंचाळली. हा तो नव्हताच! निळे कपडे नाहीत, ग्रीसचा वास नाही. दोन्ही हातांनी ढकलत तिनं त्याला दाराबाहेर काढलं आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन, उशीत डोकं खुपसून ती पुढेमागे डुलू लागली.

आई दारात उभी राहिली. संपलं, तिला वाटलं. हाही जाणार.

शेजारच्या काकूंनी दार उघडलं. "पुन्हा काय झालं गं? जरा धाक लावायला शीक तिला."

सवयीनं ओठांवर 'सॉरी' आलं. पण आज ते गिळून ती म्हणाली, "धाक नको काकू, वेळ द्यायला हवा. तिनं यांना निळ्या कपड्यांतच पाहिलंय. आज दिसणं वेगळं, वास वेगळा. तिला वाटलं, परका माणूस घरात शिरला. तुम्ही घाबरला नसता?"

काकूंचा आवाज उतरला. "घाबरले असते बाई… मग मी काय करू?"

"काही नाही. दार तेवढं हळू लावा."

काकूंनी आवाज न करता दार लावलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला होता, ओशाळून. ती दोन कप चहा बाहेरच घेऊन आली. दाराच्या फटीतून चिमी दिसेल अशी बसली.

"गाडीत निळे कपडे आहेत. बदलून येऊ?"

"नको. जन्मभर काय निळ्या कपड्यांत चहा पिणार?" बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"जन्मभर?" त्यानं तोंडाशी नेलेला कप खाली घेतला. "मग उद्या याच शर्टात येतो. अत्तर बंद. इथंच बसतो, दाराबाहेर. परवाही. तिला सवय होईपर्यंत."

"महिने लागतील हो…"

"लागू देत." तो कपाकडे बघत, अगदी हळू म्हणाला, "आणि तुम्हाला? तुम्हाला किती दिवस लागतील?"

आत चिमीचं डुलणं मंदावलं होतं. आई तिकडेच बघत राहिली. त्याच्याकडे बघायची छातीच होईना.

"मला सवय केव्हाच झाली," ती म्हणाली. "तुम्ही दिसला नाहीत की चैन पडत नाही… तीच तर पंचाईत आहे."