तांडेलाचा उजवा हात

एकोणीसशे चौतीस सालच्या मार्गशीर्षात दत्तात्रेय डॉक्टर होऊन दिघीला आला. दर मंगळवारी तो कोळीवाड्यात धर्माजी तांडेलाला तपासायला जाई. चैत्रात झटका आल्यापासून धर्माजीची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचाही गेली होती. यात दत्तात्रेयाला काही नवल वाटत नसे. मेंदूच्या डाव्या भागातली रक्तवाहिनी फुटली, की उजव्या हाताला हुकूम पोचत नाही. त्या हाताला स्पर्शसुद्धा कळत नव्हता.

"पर चंदर दर्यावर असला, की हलतो तो," धर्माजीची बायको सोनाबाई म्हणाली.

त्यांचा मुलगा चंदर जाळे खांद्यावर टाकून निघालाच होता. "आईचं काय ऐकता, डाक्टर! बाच्या हातानं मासळी गावती, तर मी घरात झोपलो नसतो?"

तो गेल्यावर सोनाबाईने सांगितले. पोराला सुकाणू शिकवताना बाप त्याच्या हातावर आपला हात ठेवतो. नारळी पुनवेला चारचौघांदेखत बाप तो हात उचलून घेतो. मग पोर स्वतः होडीचा तांडेल होतो.

"ह्यांचा हात उचलायचा राह्यला," ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी, होड्या परतायच्या वेळेला, दत्तात्रेय मुद्दाम घड्याळ घेऊन खाटेशी बसला. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी धर्माजीची बोटे वळली. मूठ झाली. ती सावकाश डावीकडे गेली, थांबली, उजवीकडे आली. ही आकडी नव्हती. धर्माजी तर गाढ झोपला होता.

मग हुकूम येतो कुठून? जोर किती आहे ते पाहावे, म्हणून दत्तात्रेयाने ते मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"सोडा!" सोनाबाई ओरडली. "खाडीच्या तोंडाशी आलीत पोरं. तिथं खडक हाय!"

मनगट डावीकडे जायला धडपडत होते. त्याने आणखी मिनिटभर धरून ठेवले. मग त्यालाच भीती वाटली आणि त्याने सोडले. हात खाडकन डावीकडे गेला.

अर्ध्या तासाने होडी आली. एक फळी फुटली होती, पण माणसे सगळी होती. चंदर येऊन ओट्यावर बसला.

"सुकाणू वळंना," तो म्हणाला. "हात कुनी धरल्यावानी झाला. खडक हातभर राह्यला, तवा आपसूक वळला." तो हसायला गेला. "आता हात माजा वाटत न्हाय."

दत्तात्रेयाने त्याचा उजवा हात उचलून सोडला.

तो खाली पडला.

दत्तात्रेयाने पेटीतून सुई काढली आणि चंदरच्या तळव्यात टोचली. चंदर नुसता बघत राहिला.

आतून सोनाबाईचा आवाज आला.

"डाक्टर, काय केलंत? ह्यांनी हात मागं घेतला."