शंखांतर

वेंगुर्ल्यात त्या काळी बहुतेक घरांच्या माजघरात काचेची टाकी असे. टाकीत ओली वाळू, आणि वाळूवर घरातल्या गेलेल्या माणसाचा स्वरशंख. त्या माणसाच्या वाणीचा आणि स्वभावाचा ठसा घेतलेला खनिजाचा एक थर शंखाच्या आतल्या भिंतीवर असे. आत राहणारा खेकडा हलला, की त्याचे मऊ पोट थरावर दाबले जाई, त्या दाबातून किंचित वीज निर्माण होई आणि शंख बोलू लागे. गेलेले माणूस जे बोलले असते, तेच.

उमाबाई केळुसकरांच्या टाकीत त्यांचे यजमान, अण्णा, होते. आठ वर्षे रोज दुपारच्या चहाला ते म्हणत, "साखर कमी पडली हो." उमाबाई उत्तर देत, "पुरे आहे तेवढी."

फाल्गुनात खेकडा शंखासकट वाळूत शिरला. पाच आठवडे टाकी मुकी होती.

"आई, मेला असेल. उकरून बघू?" मुलगी हेमा म्हणाली.

"हात लावायचा नाही."

तो मेला नव्हता. कात टाकत होता. आपलीच जुनी कात खाऊन, अंगाने वाढून तो वर आला, तेव्हा निम्मा शंखाबाहेर होता. अण्णांचा आवाज तुटू लागला. "साखर क..." एवढेच.

स्वरशंखांच्या अभ्यासक डॉ. शाल्मली सामंत टाकीपाशी बसल्या.

"आजी, याचं शंखांतर करायला हवं. मोठा शंख ठेवायचा, तो आपणहून त्यात जातो. नाही ठेवला, तर उघडं पोट सुकून महिन्याभरात मरेल."

"मग यांच्या शंखात दुसरा लहान खेकडा सोडा."

"थर एकाच जिवाच्या दाबाशी जुळतो, तेही एकदाच. दुसरा आला तर नुसती खरखर ऐकू येईल."

"म्हणजे हा मेला तरी हे गेले, आणि जगला तरी गेले."

"हो. पण शंख नाही ठेवला, तर महिनाभर तुटकं का होईना, ऐकायला मिळेल."

उमाबाईंनी काचेतून त्याच्या उघड्या पोटाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "अडचणीत कोंडून बोलायला लावलेलं यांना खपलं नसतं. ठेवा शंख."

डॉक्टरांनी किनाऱ्यावरचे तीन शंख ठेवले. खेकड्याने नांगीने एकेकाचे तोंड चाचपले आणि पाठ फिरवली. तिन्ही अरुंद होते. उमाबाईंनी कपाट उघडले. रेशमी फडक्यात त्यांचा स्वतःचा, रुंद तोंडाचा स्वरशंख होता. गेल्याच वर्षी ठसा घेऊन पुढच्या दिवसांसाठी जपून ठेवलेला.

"आजी, हा वापरला तर तुमच्यामागे हेमाताईंना काय उरेल?"

"चाळीस वर्षं ऐकते आहे ती मला. पुरे झालं."

खेकडा जुन्या शंखातून हळूहळू बाहेर सरकला. जाता जाता त्याचे पोट साऱ्या थरावरून फिरले, आणि माजघरात स्वच्छ, सबंध आवाज उमटला. "आज साखर पुरेशी आहे हो."

त्यानंतर तो शंख नुसता शंख होता.

नव्या थराची जुळणी व्हायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी दुपारी उमाबाई खुर्चीत बसून होत्या. हेमाने दारात चपला काढल्या.

"जेवलीस का?" टाकीतून प्रश्न आला.

"हो, आई."

"अंगणातली आमसुलं आत घे. ऊन उतरलं."

हेमा सूप घेऊन निघाली. हेच सांगायला उघडलेले तोंड उमाबाईंनी मिटले. आणखी काय सांगायचे, ते त्यांना आठवेना. मग त्या, जराशा मोठ्याने, म्हणाल्या, "हेमा, मी इथे आहे."

हेमा थांबली. हसून तिने टाकीकडे मान वळवली.

"माहीत आहे, आई."