खाप्याची माळ

बसा भाऊ. बायकोच्या काविळीसाठी बायजाबाईचा पत्ता हवा ना? देतो. आधी पाणी प्या. माळ उतरते, हे आमच्या बाबूजींनी तुम्हाला फाटकातच सांगितलं असेल. शामलाचं नाव मात्र घेतलं नसेल.

शामला माझी मोठी बहीण. सातव्या महिन्यात माहेरी आली आणि आठवड्यात तिचे डोळे हळदीसारखे झाले. मे महिना होता. कॉलेज सोडून घरी बसलेला मीच, म्हणून मीच तिला सायकलरिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. काविळीवाल्यांनी बाळंतपणाकडे पाठवलं, बाळंतपणवाल्यांनी परत काविळीकडे. खाट नाही. रक्त तपासायचं यंत्र बंद. व्हरांड्यातल्या फरशीवर ती पोट सांभाळत पडून राहिली. एका डॉक्टरनं उभ्याउभ्या तिची पापणी ओढून पाहिली. "सोमवारी या."

"कावीळ थांबते का सोमवारपर्यंत?" मी विचारलं, तर चपराशानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. आणि फाटकापाशी तिथलीच आया कानाशी लागली, "खाप्याले ने तिले. आमच्या सिस्टरनं बी तिथूनच माळ आणली."

बाबूजींना तेवढंच हवं होतं. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर याच माणसानं घरातले देव टोपलीत भरून कन्हान नदीच्या डोहात सोडले होते. ही गोष्ट ऐकवून ऐकवून आमचे कान किटवले. आता त्याच कन्हानच्या काठी, खाप्याला, ते बायजाबाईपुढे हात जोडून बसले.

"दीक्षेतल्या प्रतिज्ञा विसरले काय तुम्ही, बाबूजी?"

"तुयी प्रतिज्ञा ठेव बाजूले. पोरगी मरून राहिली. तुया दवाखान्यानं काय देल्लं?"

ते खरंच होतं. म्हणून जास्त चीड आली.

बायजाबाईनं ओल्या काड्या दोऱ्यात गाठवून केलेली माळ शामलाच्या डोक्यावर ठेवली. ती म्हणे आपोआप वाढते, अंगावरून खाली सरकते, पायांतून निघाली की कावीळ गेली. काड्या वाळल्या की गाठी सैल पडतात, एवढंच ते. पण अट अशी, की माळ उतरेपर्यंत सुई नाही, दवाखाना नाही.

सोमवारी मी रिक्षा आणली. बाबूजी दारात आडवे उभे.

"गळ्यापर्यंत आली माळ. आता तोडतं काय?"

माय त्यांच्या मागे उभी. तीही हलली नाही.

माळ छातीवर आली. मग पोटावर येऊन थांबली.

दुपारचं ऊन असं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. घरात मात्र नदीच्या गाळाचा ओला वास येऊ लागला. शामला पुटपुटली, "नत्थू... आतून कोनी काड्या मोडून राहिलं रे..."

मी कान लावला. कट्... थोड्या वेळानं पुन्हा, कट्...

मग माळ एकदम सुटली आणि सरसरत पायांपर्यंत गेली.

"उतरली! उतरली वं!" बाबूजी मायला हाका मारत सुटले. मी शामलाच्या नाकापुढे हात धरून बसलो होतो. श्वास नव्हता.

आंघोळ घालताना बायांना तिच्या पोटावर, लुगड्याच्या निऱ्यांखाली, दुसरी माळ सापडली. बांगडीएवढी. हिरवीगार, पाणी ठिबकणारी. बायजाबाईनं एकच दिली होती. मी ती चुलीत टाकायला निघालो, तर बाबूजींनी हिसकावून घेतली आणि खुंटीला अडकवली.

शामलाच्या माळेचा केव्हाच भुगा झाला. आता पोळाही होऊन गेला. ही पाहा, भिंतीवर. अजून ओली आहे, आणि वाढून राहिली. बाबूजी रोज सकाळी तिच्यापुढे उभे राहतात. म्हणतात, उतरून राहिली.

तुमच्या बायकोलाही सोमवारीच बोलावलं ना? वाटलंच. दवाखान्यातच न्या म्हणायला जीभ रेटत नाही माझी, आणि खाप्याला जा असंही म्हणवत नाही. पत्ता बाबूजींनाच विचारा.

फक्त तिकडून जाऊ नका. आज सकाळी माळ जमिनीला टेकली. तिच्या वेढ्याच्या मधे सारवण ओलं झालंय, पाहा. पावलांचे दोनच ठसे आहेत, माझ्या अंगठ्याएवढे. तुम्ही आलात तेव्हा त्यांची तोंडं भिंतीकडे होती.