वरच्या मजल्यावर उघडलेलं कार्ड

"तुमच्या मुलीनं कधी डोक्यावर पोळी ठेवून फोटो काढलाय का हो?"

दाराच्या फटीतून हा प्रश्न आला. साखळी मी काढली नव्हतीच. बाहेर एक उंच माणूस किंचित वाकून उभा होता, आणि श्रावणातली भुरभुर त्याच्या चष्म्याच्या काचांवर थेंब-थेंब बसली होती.

"कोण तुम्ही?"

"वरचा. तिसऱ्या मजल्यावरचा. उत्तरेश्वर माझं नाव." तो एक पायरी मागे सरकला. "घाबरू नका. म्हणजे... तुमच्या प्रिंटरमध्ये कॅमेऱ्याचं कार्ड राहिलंय ना? ते माझ्या कॉम्प्युटरवर दिसतंय."

"तुमच्या कसं दिसेल? माझ्याच कॉम्प्युटरवर दिसत नाहीये!"

मी रागानं बोलले होते, पण तो हसला. वाईट हसणं नव्हतं ते. तरीही साखळी मी काढली नाही.

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत केबलवाल्यानं जिन्यातून एकच वायर वरून खाली सोडली होती. मजल्यागणिक एक डबा, आणि त्या डब्यांतून सगळ्यांच्या घरी इंटरनेट. दोन हजार सहा साली आम्ही एवढ्यावरच खूश होतो. माझ्या भावानं, अभयनं, त्याच्या ऑफिसात नको झालेला प्रिंटर मला आणून दिला होता. खाचेत कार्ड घातलं की फोटो कॉम्प्युटरवर दिसणार, असा. तोही त्यानं सरळ त्या डब्यालाच जोडला आणि निघून गेला. माझ्या मुलीच्या, हिराच्या बालवाडीत फोटो द्यायचा होता. पण कार्डावर क्लिक केलं की माझा कॉम्प्युटर एकच सांगायचा—परवानगी नाही.

"साखळी राहू दे," तो म्हणाला. "तुम्ही कॉम्प्युटरशी बसा, मी इथून सांगतो."

आणि तो खरंच जिन्याच्या पायरीवर बसला! कॉम्प्युटर दाराशेजारीच होता. फटीतून मला त्याचा एक गुडघा तेवढा दिसत होता.

"फायरवॉल आहे का काही? कितीवर ठेवलीय?"

"सगळ्यात कडक."

"का बरं?"

"भीती वाटते म्हणून."

मग तो हळूच म्हणाला, "बरं... ती तशीच राहू दे. त्यातच कुणाकुणाला आत घ्यायचं ते विचारलेलं असेल. प्रिंटरचं नाव दिसतंय?"

"दिसतंय."

"त्याच्यापुढे टिक करा."

मी केली. पुन्हा कार्डावर क्लिक केलं. एक... दोन... आणि पडदाभर हिरा! डोक्यावर पोळी, तोंडाला साखर.

"उघडलं!" मी ओरडलेच.

हिरानं तेवढ्यात फटीतून एक बिस्किट बाहेर दिलं. त्यानं ते घेतलं, खाल्लं आणि म्हणाला, "म्हणजे बघा की, स्वतःच्या कॉम्प्युटरला तुम्ही कुलूप घातलंत आणि प्रिंटर जिन्यात मांडून ठेवलात."

"पुण्यात नवीन दिसता."

"कशावरून?"

"इथे टोमणे मारायचं काम मदत न करणाऱ्यांकडे असतं."

"आम्ही बार्शीचे. आमच्याकडे दोन्ही एकच माणूस करतो." मग उठताना म्हणाला, "कार्ड तेवढं काढून ठेवा. नाहीतर सगळी सोसायटी बघेल. प्रिंटरला पासवर्ड घालावा लागेल. रविवारी येऊ? म्हणजे... साखळी काढणार असाल तर."

हिराचे बाबा अमेरिकेत. ती रांगत होती तेव्हा प्रोजेक्टसाठी गेले, ते तिकडचेच झाले. घटस्फोटाचे कागद मात्र वेळेवर आले. तेव्हापासून मी गॅस दोनदा बघते. हिरा झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते. एमएस्सी झालेली बाई मी, आणि शिंक आली तरी मला न्यूमोनिया दिसतो. शनिवार पेठेतल्या एका प्रकाशकाची मजकूर टाइप करायची कामं घरी आणते. दिवसभर बोटं बोलतात, तोंड नाही. कधी कधी संध्याकाळी दूधवाल्याशी बोलताना स्वतःचाच आवाज अनोळखी वाटतो.

रविवारी साखळी काढली.

त्यानं माझ्या कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या सेटिंगचं पान उघडलं आणि कार्डाची खाच फक्त माझ्या कॉम्प्युटरपुरती करून दिली. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. कॅलेंडर होतं, तेही मागच्या महिन्याचं.

"झालं?"

"नाही अजून. मोठा घालतेय."

"घाला, घाला. मी तुमचा मागचा महिना वाचतोय."

मला हसू आलं. या घरात माझं हसू मीच किती दिवसांनी ऐकत होते...

मग रविवार येत गेले. कधी शाई वाळली, कधी कागद अडकला. एकदा काहीच बिघडलं नव्हतं, तरी त्यानं येऊन प्रिंटरचं झाकण उघडलं, गंभीरपणे आत बघितलं आणि पुन्हा लावलं.

"काय झालंय त्याला?" मी विचारलं.

"चहाची वेळ झालीय."

जिन्यात पाऊल वाजलं की हिरा दाराकडे धावायची. एका सोमवारीही धावली. तो नव्हता. "काका आज का नाही आले?" असं विचारून ती तिथेच फरशीवर बसली. एकदा एक माणूस गेला तेव्हा ती लहान होती, तिला कळलं नाही. आता कळेल.

ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं त्या रविवारी त्यानं कप खाली ठेवला.

"एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "त्या दिवशी मी एक नाही... दोन फोटो बघितले."

"दुसरा कुठला?"

"तिरका आला होता. हिरानंच काढला असणार, खालून. तुम्ही खिडकीशी उभ्या. गजाला कपाळ टेकवलेलं. मागे मुलगी कॅमेरा घेऊन उभी आहे, हेही माहीत नसलेल्या." त्यानं चष्मा काढला. "नुसतं कार्डाचं सांगायचं असतं ना, तर वॉचमनकरवी निरोप दिला असता. मी त्या फोटोमुळे खाली आलो, दीक्षा."

पहिल्यांदाच माझं नाव घेतलं त्यानं. आणि मी काय म्हणावं?

"कीव आली?"

"नाही हो. आपल्यासारखंच कुणीतरी दिसलं... म्हणून."

"जा तुम्ही," मी म्हणाले.

तो गेला. मी साखळी लावली.

पुढच्या रविवारी बेल वाजली नाही. हिरा दाराशी पाट घेऊन बसली, तिथेच जेवली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, "हिरा हल्ली गप्प असते." मी म्हटलं, "दात दुखतोय."

मग एका दुपारी तो फोटो उघडला. मी तो आजवर नीट बघितलाच नव्हता, तिरका म्हणून सोडून दिला होता. पाठमोरी मी, कानामागून सुटलेले केस, गजावर घट्ट आवळलेली बोटं. मला कुणी बघू नये म्हणून केवढी धडपड माझी... आणि इतकी वर्षं कुणी बघतच नव्हतं, हे त्या बाईच्या पाठीवर स्पष्ट दिसत होतं.

रविवार येऊ दिला. हिराचा हात धरला आणि जिना चढले.

त्यानं दार उघडलं तेव्हा हाताला बेसन होतं. "प्रिंटर बिघडला?"

"छान चाललाय."

"मग..."

"फोटो बघितलात, पण मी काय बघत होते ते विचारलं नाहीत."

तो तसाच उभा. "काय बघत होतात?"

"संध्याकाळची कंपनीची बस. हायवेच्या कोपऱ्यावर थांबते. उतरले की सगळे घराकडे पळतात. एक जण शेवटी उतरतो आणि टपरीशी उगाच उभा राहतो. चहासुद्धा घेत नाही. घरी जायची घाईच नसल्यासारखा."

त्याच्या मानेवर लाली चढत गेली. "तुम्ही... मला?"

"वर्षभर," मी म्हणाले. "इतक्या लांबून चेहरा दिसायचा नाही, नाव माहीत नव्हतं. चाल माहीत होती, तीच मग जिन्यात ओळखली. बसला उशीर झाला की मला काळजी वाटायची, आणि कुणाची ते सांगता यायचं नाही."

तो काहीतरी बोलणार होता. मी थांबवलं.

"माझं एकटीचं असतं तर कसंही निभावलं असतं. पण ही दाराशी बसते. तुम्हाला जायचं असेल तर आत्ता सांगा, तिच्यासमोर."

तो खाली बसला, हिराच्या उंचीला आला. पिठाचे हात दोन्ही बाजूंना धरून, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे.

"हिराबाई, कंपनी मला कुठेकुठे पाठवते. जाणारच नाही असं खोटं सांगू का?"

हिरानं मान हलवली. नको.

"पण तुम्हाला न सांगता जाणार नाही. आणि नेता आलं तर... तुम्हालाच आधी विचारीन. तुमच्या आईला नंतर."

"पिठलं तिखट आहे?" हिरानं विचारलं.

"बार्शीचं आहे."

"मग मला साखर घालून दे," असं म्हणून ती त्याच्या काखेखालून आत निघून गेली.

तो उभा राहिला आणि दारातून बाजूला झाला. आतून हिरा मोठमोठ्यानं साखरेचा डबा विचारत होती.

मी चपला काढल्या.