उत्तरेच्या भिंतीबाहेरची परांची

आधीच सांगते, हे खरं घडलंय. पटत नसेल तर इथेच थांबा. वेड्यात काढायला माझा भाऊ आहे, तेवढा पुरे.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. जपानातल्या नागाओकातलं आमचं घर. आणि रात्रबित्र काही नव्हती हं. भर दुपार होती.

आई तिथे एकटी राहायची. ऐंशी ओलांडलेली, पण डोकं अजून शाबूत. बाहेरच्या भिंतींना भेगा गेल्या होत्या, बर्फ पडायच्या आत रंग व्हायलाच हवा होता. मी रंगारी ठरवले. घराभोवती परांची चढली, तिच्यावर जाळीचं कापड. खिडक्यांवर रंग उडू नये म्हणून बाहेरून प्लास्टिक चिकटवलं. घरात दिवसाढवळ्या अंधार. म्हणून मी आईच्या सोबतीला गेले.

आमच्याकडे काम सुरू होण्याआधी रंगाऱ्यांचा मुकादम शेजारीपाजारी जातो. हातात टॉवेल ठेवतो, वाकून म्हणतो, त्रास होईल, सांभाळून घ्या. आमचा मुकादम सगळीकडे गेला.

फक्त उत्तरेच्या घरी नाही.

तिथे कुवाबाराकाका राहायचे. आदल्या थंडीत घरात एकटेच वारले. आई तेव्हा हॉस्पिटलात होती. बर्फ वितळेपर्यंत कुणाला पत्ता नाही.

"रिकाम्या घराला कसला टॉवेल?" माझा भाऊ नोरिआकी हसला होता. "भिंती अंघोळ करतात का?"

आणि रंगाऱ्यांनी परांचीचे खांब मात्र खुशाल काकांच्या अंगणात उभे केले.

मग पाऊस लागला. रंगारी येईनात. आम्ही दोघी वर, आईच्या खोलीत जेवत होतो.

खट्...

खट्...

खिडकीबाहेर. परांचीच्या लोखंडी फळीवर.

रंगारी मऊ तळव्याचे बूट घालतात. हा आवाज लाकडी चपलांचा होता.

"आले," आई म्हणाली. घास तोंडात तसाच. "कुवाबारा. रोज येतात. रागावलेत गं. त्यांच्या अंगणात खांब रोवले, आणि एका शब्दाने विचारलं नाही. मी कुठल्या तोंडाने बोलू त्यांच्याशी?"

मी पावसात धावत बाहेर गेले. परांचीवर कुणी नव्हतं. शिडीच्या दाराला कुलूप.

नवा टॉवेल घेतला, काकांच्या उंबऱ्यावर ठेवला, वाकून माफी मागितली.

सकाळी टॉवेल आमच्या दारात होता. घडी तशीच. रात्रभर पाऊस पडत होता... आणि टॉवेल कोरडा.

त्याच दुपारी नोरिआकी आला. आईने त्याला फोनवर सगळं सांगून टाकलं होतं. आईला वृद्धाश्रमात ठेवायचं आणि घर विकायचं, हे त्याच्या मनात कधीपासून होतं. त्याला निमित्तच हवं होतं.

"नसलेले आवाज ऐकू यायला लागले, आई, की एकटं राहता येत नाही."

"मेल्या, मी पण ऐकलेत!" मी ओरडले.

"ताई, तुझंही वय झालंच की."

खट्...

त्याची मान खिडकीकडे वळली.

खट्... खट्...

पावलं खिडकीपाशी येऊन थांबली. प्लास्टिक हळूहळू आत दबलं. कुणीतरी कान लावावा तसं. मग काचेवर वाफ धरली. श्वासाएवढी. विरली... पुन्हा धरली.

नोरिआकीचा चेहरा पांढराफटक. कपातला गरम चहा मांडीवर सांडला, तरी त्याला भान नव्हतं.

आईने किती आशेने बघितलं त्याच्याकडे! "ऐकलंस ना, बाळा?"

त्याने मांडी पुसली. "काय? काही नाही, आई. वारा आहे."

देवाशपथ, त्या क्षणी मला भुताची भीती वाटली नाही. किटली उचलून त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं. सख्ख्या आईच्या तोंडावर खोटं बोलला, नालायक!

मुलगा तो, सगळ्या सह्या त्याच्या. बर्फ पडायच्या आत आई आश्रमात गेली. जाताना भांडली नाही, रडली नाही. ते जास्त लागलं मला.

घर आता झकास दिसतं. परांची कधीच उतरवली. गेल्या आठवड्यात नोरिआकी गिऱ्हाइकाला घर दाखवायला गेला, आणि तिथूनच मला फोन.

"ताई... परांची काढलीये ना?"

"केव्हाच. का?"

"मग वरच्या खिडकीबाहेर तो... चालतोय कशावर?"

माझं अंग शहारलं. तरी आधी तोंडातून रागच बाहेर पडला. "आता आईला फोन लाव! आत्ताच्या आत्ता! सांग तिला, तू खरं बोलत होतीस!"

मग फोन बंद.

त्याने लावला नाही. मीच लावला. सगळं सांगितलं. वाटलं, आईला बरं वाटेल.

"हळू बोल गं," आई कुजबुजली. "इथल्या बाईंना मी सांगितलंय, मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. नाहीतर त्या औषध वाढवतात."