तलावावरच्या बंगल्यातली खुर्ची

सोनाळ्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका तलावाच्या काठाला तो बंगला होता. कोण्या गोऱ्या साहेबानं वाघाच्या शिकारीसाठी बांधलेला. जखमी वाघ पाण्यात शिरला तेव्हा साहेबानं रान हाकणाऱ्या गावकऱ्यांना बंदुकीच्या धाकानं मागोमाग उतरवलं. सात जण परत आले नाहीत. साहेब व्हरांड्यातल्या लांब हातांच्या खुर्चीतून पाहत राहिला, असं जुने लोक सांगत. पुढं बंगला जंगलखात्याकडे आला, पण चौकीदार टिकेना.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या साली जनकाबाईनं चौकीदारी पत्करून बंगल्याच्या किल्ल्या घेतल्या. तिचा नवरा माणिकराव घरी बसून होता. फवारणीच्या विषानं त्याचे डोळे गेले होते.

आठव्या दिवशी, दुपार कलताना, झाडूनझुडून तिची कंबर भरून आली. ती त्या खुर्चीत टेकली. रानात पाखरू बोलत नव्हतं. ओल्या चामड्याचा वास आला, अन् अगदी कानाशी कोणी म्हणालं,

"नीचे... बैठो."

जनकाबाई ताडकन उठली. व्हरांडा मोकळा होता. समोरच्या अंगणाकडे नजर गेली अन् तिला आठवलं, नवं बियाणं आलं त्या साली इथंच सभा झाली होती. विकणारे वर खुर्च्यांवर. माणिकराव अन् सारं गाव खाली मातीत. 'या कपाशीले अळी लागतच नाई,' असं वरून सांगितलं होतं.

ती परत बसली.

"नीचे!"

खुर्ची हादरली. कोणीतरी तिला दंडाला धरून ओढत होतं. थंडगार, ओली बोटं. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"नाई उठत! लय बसवलं आमच्या मानसाईले खाली. आता तू बस!"

ओढ सुटली. मग तिच्या पायापाशी धप्पकन काहीतरी बसल्याचा आवाज आला. दिसलं काहीच नाही.

दिवेलागणीला वनरक्षक इंद्रभान खाकी टोपी-वर्दीत सायकलवरून आला, तो फाटकातच थबकला.

"बाई... तुमच्या पायापाशी कोन बसेल हाय?"

"तुले दिसते का?"

"दिसते ना..." त्यानं तलावाकडं नजर फिरवली. "अन् एकटा नाई, बाई. पायऱ्याईवर... अंगनात... पार तलावापावतर बसेल हायेत. टोपीवाले, कोटवाले..."

जनकाबाईच्या घोट्यावर गार श्वास लागत होता. तिनं पाय मागे घेतला नाही.

"बसू दे," ती म्हणाली. "तू वर ये."

इंद्रभान हलला नाही. "कसा येऊ, बाई? आता ते सगळे माह्याकडंच पाहून राह्यले... अन् मले त्याइच्यात बसाले जागा देऊन राह्यले."