हळू गेलेलं

८१.४ किलो

उतरण केंद्राच्या भिंतीवर पाटी होती: 'झटपट गेलेलं परत येतं. हळू गेलेलं परत येत नाही.'

शर्वाणी त्या पाटीखाली बसली होती. हृदयाची झडप बदलायची होती आणि वजन बासष्टच्या खाली आल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते.

"झाडाच्या खोडात वलयं असतात ना, तशीच चरबीतही असतात," डॉ. ढवळीकर बाई सांगत होत्या. "ज्या दिवसांत चरबी साठते, त्या दिवसांची रसायनं तिच्यात मुरतात. भीतीची, मायेची. याला आम्ही मेदवलय म्हणतो. शेवटी चढलेलं आधी उतरतं, आणि उतरताना शरीर ते दिवस पुन्हा एकदा, शेवटचे जगतं."

"इंजेक्शन घेतलं तर?"

"महिन्यात वीस किलो. काही जाणवणारही नाही. पण शरीर घाबरतं आणि होतं तसं सगळं पुन्हा भरून काढतं."

"मी शंभर किलोंचा," तिचा नवरा निनाद म्हणाला. "म्हणजे अख्खा दप्तरखानाच की!"

शर्वाणी हसली. "आणि त्यात निम्मी भजी. मला हळूच चालेल, बाई."

आठवड्याला दोनशे ग्रॅम ठरलं.

६३.६ किलो

आठ दिवस तिचे दात वाजत राहिले. ताप नव्हता. पाच वर्षांपूर्वी आठ महिन्यांची सानू तापात गेली, तेव्हा शर्वाणीचं वजन इतकंच होतं.

६३.४ किलो

"निनाद, अरे, ब्लाउज ओला झालाय."

"पाणी सांडलं?"

"नाही रे."

तो बघत राहिला आणि हळूच खाली बसला. तिला पान्हा फुटला होता.

"ही फक्त रसायनं आहेत," ढवळीकर बाई म्हणाल्या. "बाळ नाही."

"कळतं मला. पण तिला भूक लागली की तिच्या आधी मला कळायचं. आता परत कळतंय. इथेच थांबता येईल?"

"जास्त खाल्लंत तर वर आजचं वलय चढेल आणि ती खाली दबेल. आणि झडप काही थांबणार नाही."

"मग अजून हळू करा."

"पन्नास ग्रॅम. त्याहून कमी नाही."

६२.७ किलो

दूध आधी चार तासांनी भरून यायचं, आता दोन तासांनी. सानू लहान होत चालली होती. शर्वाणी रिकामी मांडी हलवत बसे. निनाद दार लोटून घेई.

६२.० किलो

कळा आल्या. नऊ तास. या वेळी बाहेर काही येत नव्हतं.

"सुटलात हो ताई!" काटा बघून नर्स म्हणाली.

६१.९ किलो

ऑपरेशनची तारीख मिळाली. घरी निनाद कपाट उघडून उभा होता, हातात लोकरीचं टोपडं.

शर्वाणीला सगळं आठवत होतं. नाव, तारीख, तापाचे आकडे. तिने टोपडं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. वीण चांगली होती. छाती कोरडी होती, श्वास संथ.

निनाद रडायला लागला. तिला अवघडल्यासारखं झालं. शेजारच्या घरी सांत्वनाला गेल्यावर बसतात तशी ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"फार वाईट झालं हो तुमचं," ती म्हणाली. "केवढी होती?"